तबीथाबाई तबक पुढं द्यायच्या

तबीथाबाईंच्या डाव्या हाताला बसायची माझी जागा आठ वर्षं ठरलेली होती. सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये, म्हणजे आम्ही देऊळच म्हणायचो, पुरुष एका बाजूला आणि बायका एका बाजूला बसत, आणि बायकांतही शाळेच्या मास्तरणी तिसऱ्या बाकावर. तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन असे. पाळकसाहेब पांढरं फडकं काढत आणि भाकरीच्या तुकड्यांचं तबक बाकाबाकावरून हातोहात सरकत येई. तबीथाबाई ते दोन्ही हातांनी नीट धरायच्या, क्षणभर खाली बघायच्या आणि तुकडा न उचलता माझ्याकडे द्यायच्या. मागून प्याला यायचा, तोही तसाच. पहिल्या वेळी मला वाटलं, बाई विसरल्या. मी कोपरानं हळूच ढोसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या की." मी घेतलं.

मी नगरला शिकून नुकतीच इथं मिशनच्या मुलींच्या शाळेत लागले होते. तबीथाबाई त्याच शाळेत शिवण शिकवायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरं लुगडं, लांब बाह्यांचं झंपर, आणि डाव्या खांद्यावर दोरा ओवलेली सुई कायमची टोचलेली. बायबलातली तबीथा गोरगरिबांना कपडे शिवून द्यायची म्हणून मिशनच्या गोऱ्या मडमनं बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना हे नाव दिलं, असं सगळे कौतुकानं सांगत. त्यांना स्वतःला विचारलं तर सांगत की तेव्हा त्यांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. नाव पडलं म्हणून मग शिकावं लागलं.

खरं बोलणं हा त्यांचा गुण की खोड, हे आमच्या हेडबाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. एकदा परदेशातून कोणी पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी वर्गात फिरून, शिवणाचे टाके बघून, मडमच्या मार्फत विचारलं की मुली इथं सुखात आहेत ना. सगळ्या मास्तरणींनी माना डोलावल्या. तबीथाबाईंनी वर्गावर एक नजर फिरवली, जशी आपण पाटावरच्या पोळ्या मोजतो तशी, आणि म्हणाल्या की काही हायत, काही न्हाईत. मडमनं त्याचं भाषांतर काय केलं ते देव जाणे, पण पाहुण्या बाई हसल्या आणि पुढच्या वर्गात गेल्या.

नाताळाला परदेशातून पेटी यायची. तिच्यात बाहुल्या, रिबिनी, रंगीत खडू असत. ज्या मुलीला बाहुली मिळाली तिनं देणाराला आभाराचं पत्र लिहायचं, अशी रीत होती. एका वर्षी एका मुलीच्या बाहुलीचा हात वाटेतच निखळून आला होता. फळ्यावर पत्राचा मायना हेडबाईंनीच लिहून दिला होता, त्यात बाहुली फार सुंदर आहे असं होतं. मुलगी पेन्सिल चघळत बसली. तबीथाबाईंनी तिला सांगितलं, "हात मोडलाय तर तसं लिव. लबाडी कशाला?" मग स्वतः ती बाहुली मांडीवर घेतली, हात शिवून बसवला, आणि मुलीला खाली आणखी एक ओळ लिहायला लावली की आता हात शिवला आहे. ते पत्र तसंच गेलं. पुढच्या नाताळाला त्याच देणाराकडून त्या मुलीच्या नावानं दोन बाहुल्या आल्या, तेव्हा हेडबाई दोन दिवस गप्प होत्या.

माझे वडील गेले तेव्हा मी नगरला जाऊन आले आणि खोलीत नुसती पडून राहिले. मंडळीतल्या बायका येत, देवाची इच्छा म्हणत, ते आता प्रभूच्या घरी सुखात आहेत म्हणत, आणि डोळे पुसून जात. तबीथाबाई आल्या त्या तेलाची वाटी घेऊन. माझ्या मागं बसून त्यांनी माझे केस मोकळे केले, तेल घातलं, गुंता काढला, वेणी घातली. तासभर तरी गेला असेल. एक शब्द नाही. उठताना म्हणाल्या, "काय बोलावं ते मला कळत न्हाई. उद्या परत येते." असे पाच दिवस आल्या. त्या पाच दिवसांत मला कोणाचं काही ऐकू आलं असेल तर ते एवढंच.

तबक पुढं का देतात, हे मी त्यांना विचारलं नव्हतं. मंडळीत ज्याला त्याला ठाऊक होतं आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला ते तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि एकदा, कापडाला दुमड घालता घालता, त्यांनी स्वतःच सांगितलं. सांगताना हात थांबला नाही.

योहानमास्तर म्हणजे त्यांचे यजमान. ते केमला मिशनच्या शाळेवर होते तेव्हाची गोष्ट. रूथ नावाची सात वर्षांची एकुलती मुलगी. शनिवारी तिला ताप भरला, घसा आतून पांढरा पडला, श्वासाला घरघर लागली. केमला डॉक्टर नाही, पण घरापासून हाकेवर स्टेशन. रविवारी सकाळची गाडी धरली असती तर दुपारच्या आत सोलापूरचा दवाखाना. पण रविवार हा प्रभूचा दिवस. त्या दिवशी मिशनच्या माणसानं गाडीत पाय ठेवायचा नाही, बाजार करायचा नाही, अशी आमच्यात फार कडक रीत होती. कुर्डुवाडीच्या एका उपदेशकाला रविवारी प्रवास केला म्हणून सहा महिने प्रभुभोजनाला बंदी झाली होती, आणि तो ठराव वाचून दाखवला होता योहानमास्तरांनीच. तबीथाबाई पोरीला उचलून दारापर्यंत गेल्या. मास्तरांनी त्यांना अडवून सांगितलं की आपण आज प्रार्थना करू, उद्या सकाळी पहिल्या गाडीनं निघू, देव एक दिवस सांभाळील. गाडी आली तेव्हा तिघंही घरात गुडघ्यांवर होती. शिट्टी ऐकू आली, आणि गाडी गेली.

सोमवारी निघाले. मोहोळ गेल्यावर रूथ गेली. डब्यात कोणाला कळू दिलं नाही, नाहीतर मधेच उतरवतील. सोलापूरला उतरून टांगा केला, सात रस्त्याच्या चौकातून आले, टांगेवाला म्हणाला पोरगी लई दमलीया वाटतं. तबीथाबाई म्हणाल्या, "न्हाई, मेलीय." हातातल्या कापडाची दुमड त्यांनी तिथंच संपवली आणि दोरा दातानं तोडला.

पुढच्या रविवारी इथं सोलापूरला प्रभुभोजन होतं. जुने पाळकसाहेब भला माणूस, पण त्यांना उपदेशात दाखला लागायचा. त्यांनी सांगितलं की आपल्या भाऊ योहानाची परीक्षा, देवासाठी पोटच्या पोराचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामासारखी झाली आणि त्यानं प्रभूचा दिवस मोडला नाही. मंडळी आमेन म्हणाली. मास्तर तोंडावर रुमाल धरून रडले. त्याच वर्षी त्यांना सोलापूरच्या शाळेवर आणलं, मंडळीचे वडील, म्हणजे पंच, म्हणून निवडलं. त्या उपदेशाच्या रविवारी तबक तबीथाबाईंच्या हातात आलं आणि त्यांनी ते पहिल्यांदा पुढं दिलं.

मास्तर वाईट नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. वाळलेला, हळू बोलणारा माणूस. बायकोला पाणी भरू द्यायचे नाहीत, नळावरून घागर स्वतः आणायचे आणि त्यावरून चाळीतले लोक त्यांची थट्टा करायचे. रविवार त्यांनी पुढंही कधी मोडला नाही. स्वतःची बहीण आजारी पडली तेव्हाही सोमवारची वाट पाहिली. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. आता वाटतं, एकदा जरी मोडला असता, तर मग रूथच्या वेळी का नाही मोडला, याचं त्यांनी स्वतःला काय उत्तर दिलं असतं? दोघं एका घरात राहत, एका ताटलीतली भाजी खात, रोज रात्री बायबल वाचत. भांडण म्हणून कधी ऐकलं नाही.

प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात मंडळीचे दोन वडील घरोघरी जाऊन विचारत की तुमचं सर्वांशी समाधान आहे ना, कोणाबद्दल मनात काही नाही ना. बहुतेक लोक आहे म्हणत आणि चहा टाकत. तबीथाबाईंच्या घरी येणाऱ्या दोघांपैकी एक बहुतेक वेळा त्यांचे यजमानच असत. ते दाराशी चप्पल काढून पाहुण्यासारखे बसत, दुसरे वडील प्रश्न विचारत, आणि बाई सांगत, "न्हाई." मग चहा होई. मास्तर बशीतला चहा पिऊन सोबत्याबरोबर पुढच्या घरी जात. मी एकदा तिथं होते. कोणाच्या तोंडावर काही नव्हतं. वर्षातून चार वेळा घडणारी गोष्ट होती ती.

वर्षभर प्रभुभोजन न घेणाऱ्याचं नाव मंडळीच्या पटावरून कमी करायचं, असा नियम होता. जुन्या पाळकसाहेबांनी तो तबीथाबाईंना कधी लावला नाही. ते निवृत्त झाले, नवे आले. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. नवे पाळक तरुण, नीटनेटके. त्यांनी पट काढून बघितला, मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं खोडली, आणि या नावाशी थांबले. ते स्वतः बाईंकडे चार वेळा गेले. समजावलं. म्हणाले की क्षमा ही भावना नाही, ती आज्ञा आहे. तोंडानं म्हणा, मन मागून येईल. बाईंनी सांगितलं की मन आल्यावर तोंडानं म्हणते. शेवटी त्यांनी सगळ्या मंडळीसमोर प्रश्न ठेवला. दुष्टपणानं नव्हे. त्यांना वाटलं, नाव जाण्याच्या भीतीनं तरी बाई वळतील.

मंडळीच्या बाहेर पडणं म्हणजे आमच्यासाठी काय होतं, हे आज सांगून कळणार नाही. तबीथाबाईंचं माहेर बाप्तिस्म्याच्या दिवशी तुटलं होतं. मुलगी मेली म्हणून बापानं दारात घागर फोडली होती. मूल उरलं नव्हतं. जे काही गणगोत होतं ते त्या पटावरच होतं.

शुक्रवारच्या संध्याकाळच्या सभेत पाळकसाहेबांनी त्यांना उभं करून विचारलं की बहिणी, तुझ्या मनात योहानाबद्दल राग आहे का.

"राग न्हाई," तबीथाबाई म्हणाल्या. "राग असता तर बरं झालं असतं. आत काही हालतच न्हाई. क्षमा करायला आधी काही तरी वाटायला पायजे की. आन् मन साफ असल्याबिगर भाकरीला हात लावू न्हाई, हे तुमीच शिकवता."

पाळकसाहेबांनी विचारलं की मग नियमाचं काय करू.

"नियम बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

नाव कमी करावं असं ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करावा, असं सांगण्यात आलं. आधी थोडे हात वर झाले, मग एकमेकांकडे बघत सगळे. माझ्या शेजारी तबीथाबाईंनी आपला हात वर केला. पूर्ण, सरळ, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखा. मग मीही केला. त्या वेळी मला काही वाटलं नाही. आज वाटतं, आणि त्याचा काही उपयोग नाही. सगळ्या देवळात एकच हात खाली होता, तो योहानमास्तरांचा. गुडघ्यावर पालथा ठेवलेला होता आणि ते त्याच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या रविवारी तबीथाबाई नेहमीच्या वेळी आल्या, माझ्या शेजारी बसल्या. आमच्याकडे उपासना झाली की प्रभुभोजनाआधी एक गीत होई आणि ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही ते बाहेर जात. लहान मुलं, नवीन शिकणारे, गाणं ऐकायला आलेले शेजारीपाजारी. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला बाई त्या लोकांबरोबर उठून बाहेर गेल्या. त्यांच्यात नीलव्वा नावाची एक बाई असे. अक्कलकोटकडची, गिरणीत कामाला, कानडी बोलणारी, मराठी तोडकंमोडकं. तिला ख्रिस्ती व्हायचं नव्हतं, फक्त पेटी ऐकायची असायची. दोघी पायरीवर बसत. त्यांच्या रिकाम्या जागेत मला कोणाच्या तरी भावजयीला बसवावं लागलं. तबक आता ती माझ्याकडे देई, आणि देण्याआधी घेई.

वर्षभरानं योहानमास्तर छातीच्या रोगानं अंथरुणाला खिळले. शाळा सुटली की मी खिमट घेऊन जायची. तबीथाबाई त्यांचं सगळं करत होत्या, अंग पुसणं, थुंकीचं भांडं, कूस बदलणं. हात हलका होता. त्या दुपारी मी दाराशी होते. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. आवाज राहिला नव्हता.

"अगं, एकदा सांग," ते म्हणाले. "सोडलंस का मला?"

बाई ओलं फडकं पिळत होत्या. पिळून झालं, झटकलं, घडी केली.

"व्हय. सोडलं."

"खरं?"

"मी कधी खोटं बोलते का?"

मास्तरांनी डोळे मिटले. तोंडावरचा ताण उतरला, एखाद्या कपड्याची चुणी हातानं काढावी तसा. बाई पाणी ओतायला मोरीकडे आल्या, तिथं मी होते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलंत ना सुशीलाबाई. ते खोटं हाय." आणि भांडं विसळू लागल्या.

संध्याकाळी पाळकसाहेब आले तेव्हा मास्तरांनी त्यांना बायकोनं क्षमा केल्याचं सांगितलं. पाळकसाहेब अंथरुणाशी गुडघे टेकून रडले. मी तिथंच उभी होते, आणि मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. तबीथाबाई रडल्या नाहीत. त्यांनी स्वतः त्यांना आंघोळ घातली आणि कोटाचं एक बटण सैल होतं ते टाचलं.

प्रभुभोजनाचा रविवार आला. पाळकसाहेबांनी उपदेश संपवला आणि आनंदानं सांगितलं की आपल्या बहिणीनं आपल्या मृत यजमानाला अंतःकरणापासून क्षमा केली, तिचं नाव आज परत पटावर येत आहे, तिनं पुढं यावं. बायका रुमाल काढू लागल्या. कोणीतरी आमेन म्हणालंही. मला बाहेर पळून जावंसं वाटलं. तबीथाबाई उठल्या, पण पुढं गेल्या नाहीत. बाकाला धरून जागेवरूनच बोलल्या.

"ते खोटं होतं, पाळकसाहेब. जाताना मास्तरांना बरं वाटावं म्हून बोलले."

पाळकसाहेबांनी हातातलं बायबल मिटलं. मग खाली उतरून आमच्या बाकाजवळ आले. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी सांगितलं की बाई, हे पाप लहान आहे, याचा इथंच पश्चात्ताप कर, देव या क्षणी क्षमा करतो, आणि ये. माझी खात्री आहे की तो माणूस तेव्हा मनापासून तिला आत घ्यायला बघत होता. एक शब्द पुरला असता. सगळी मंडळी तो शब्द तिच्या तोंडून निघावा म्हणून पुढं वाकली होती, मीसुद्धा.

तबीथाबाईंनी विचार केला. खरंच केला, मला शेजारून दिसत होतं.

"पस्तावा होत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांनी परत विचारलं तर परत तेच सांगन."

पाळकसाहेब मागं सरले. पेटीवाल्यानं काय करावं ते न सुचून गीत सुरू केलं. तबीथाबाईंनी पदर नीट केला, मला म्हणाल्या, "जरा पाय घ्या," आणि मुलांच्या रांगेमागून बाहेर गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नगरला बदली झाली. तोवरचे रविवार त्या येत राहिल्या, आम्ही बोलत राहिलो, शिवणाचे वर्गही चालू राहिले. पण मला तबीथाबाई आठवतात त्या त्याच दिवशीच्या. माझी जागा खिडकीला लागून होती आणि खिडकी उघडी होती. बाई पायरीवर नीलव्वाच्या शेजारी बसल्या होत्या, कोणाचं तरी झोपलेलं मूल मांडीवर घेऊन. आत सगळं शांत झालं होतं, तबक फिरायला लागलं होतं. नीलव्वानं मान वळवून आत बघितलं आणि विचारलं की आत काय चाललंय, गाणं का थांबलं.

"जेवन हाय त्यांचं," तबीथाबाईंनी सांगितलं.

"मग तू न्हाई जेवत?"

"माजं व्हायचंय अजून."

नीलव्वानं मान हलवली आणि थोडी सरकून त्यांना सावलीत जागा दिली.